दांडीवरचं फडकं

नाशिकच्या अंबडमधल्या एका लहान फर्निचर कारखान्यात टेबल सॉच्या, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडने लाकूड कापणाऱ्या मशीनच्या, गाईडची दांडी फडक्यात गुंडाळलेली दिसली. गाईड म्हणजे मापावर सरकवायची लांब पट्टी; तिला टेकवून फळी ब्लेडकडे ढकलतात, आणि दांडी तिला आवळते नि सोडते. जुन्या लुंगीचं सुती फडकं, चार-पाच वेढे, त्यावर सुतळीचे जवळजवळ घातलेले आटे आणि सुतळीचं टोक कापून नीट आत खोचलेलं. तेलाने, घामाने आणि भुशाने ते इतकं काळं गुळगुळीत झालं होतं की आधी चामडंच वाटलं. फडकं कशाला, हे विचारावं लागलं नाही. मिस्त्रींनी माप बदलायला दांडी वर ओढली, ती हलली नाही. मग तळहाताचा खालून एक तडाखा, दुसरा, आणि तिसऱ्याला ‘खडाक्’ करून दांडी सुटली. गाईड सरकलं, दांडी पुन्हा खाली, प्लायची फळी पुढे. मिस्त्रींचं बोलणंसुद्धा तुटलं नाही. एका कपाटाच्या कटिंगला पंधरा-वीस मापं सहज बदलतात. वीस मापांना तीन-तीन तडाखे म्हणजे साठ. तळहात सोलवटू नये म्हणून फडकं. आणि ते फाटलं की नवं बांधलं जात असणार, कारण खालच्या वेढ्यांचा रंग वेगळा होता.

त्या फडक्याने डोकं खाल्लं. बांधलं होतं सुरेख. ज्या हाताला सुतळीचं टोक आत खोचायची शिस्त आहे, त्या हाताला दांडी अडकण्याचं कारण शोधावंसं वाटू नये, हे काही पटेना. पण कारखान्यात असंच होतं. मशीन चालू आहे, काम अडत नाही, गिऱ्हाईक दिवाळीआधी ट्रॉल्या मागतंय. बिघाड रोजचा झाला की त्याची रीत पडते, आणि नव्याने आलेल्या पोराला दांडी कशी मारायची हे शिकवलं जातं.

नाशिकच्या जुन्या वाड्यांत राहिलेल्यांना ही रीत ओळखीची वाटेल. श्रावणात माजघराचं दार फुगायचं. घरातल्या प्रत्येकाला ते उघडायची युक्ती माहीत असे: कडी धरून आधी किंचित वर उचलायचं, मग गुडघा लावायचा. पाहुणा आला की त्याच्यासाठी आतून कुणीतरी धावत यायचं. एखादी आजी मेणबत्तीचं बुडखं किंवा अंगाच्या साबणाची वडी दाराच्या कडेवरून फिरवायची आणि दार पंधरा दिवस गप्प बसायचं. रंधा मारायला कुणाला बोलवत नसत, कारण दिवाळीपर्यंत लाकूड आपोआप आकसणार, आणि पावसाळ्यात रंधलेलं दार उन्हाळ्यात फटीतून चांदणं दाखवणार. म्हणजे त्या दाराच्या बाबतीत वाट बघण्यात शहाणपण होतं.

लोखंड मात्र आकसत नाही.

गाईड अडकण्याची तक्रार ऐकली की पहिला प्रश्न एकच विचारावा: दांडी उचलत नाही, की दांडी उचलते पण गाईड सरकत नाही? ‘गाईड अडकतंय’ या दोन शब्दांत हे दोन्ही आजार येतात आणि त्यांची औषधं वेगळी आहेत. साइटवर न्यायच्या लहान टेबल सॉमध्ये बहुधा अशी रचना असते: दांडी खाली दाबली की गाईडच्या डोक्यातला कॅम (एका बाजूला फुगीर असलेली चकती) फिरतो, गाईडच्या पोटातून गेलेला लांब गज पुढे ओढला जातो, आणि गजाच्या मागच्या टोकाचा आकडा मागच्या रेलला, म्हणजे टेबलाच्या मागच्या कडेच्या पट्टीला, पकडतो. सोडताना एक स्प्रिंग गजाला परत मागे ढकलते. दांडी वर येऊनही गाईड हलत नसेल, तर दोष स्प्रिंगेत, गजात किंवा मागच्या आकड्यात. आकड्याने दात रोवलेले आहेत आणि त्याला सोडवणारं कुणी नाही. दांडीच उठत नसेल, तर कॅम, त्याची पिन, नाहीतर ताण फाजील. मोठ्या मशीनवरचं टी आकाराचं गाईड फक्त पुढच्या चौकोनी पाइपवर पकडतं, मागे नुसतं टेकतं. तिथे मागच्या आकड्याचा प्रश्नच नाही. सगळी भानगड डोक्यात किंवा पाइपवर.

दुसरी परीक्षा याहून सोपी आहे आणि तीच नेमकी कुणी करत नाही. मशीनचा प्लग काढायचा (स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढायचा), गाईड टेबलावरून उचलून हातात घ्यायचं आणि दांडी हवेत वरखाली करायची. हवेतही जड चालते? मग आजार गाईडच्या अंगातला: पिन गंजली, भुसा बसला, गज वाकला. हवेत फुलासारखी चालते आणि टेबलावर ठेवल्यावर अडते? मग गाईड निर्दोष. रेल आणि जुळणी बघा. दोन मिनिटांच्या या तपासणीने अर्धं मशीन संशयातून सुटतं. नाहीतर लोक पाना घेऊन दिसेल तो नट फिरवत सुटतात.

तिसरी खूण जागेची. एकाच ठिकाणी अडकत असेल तर रेलवर त्या ठिकाणी ठोकर, उठलेली कड, रंगाचा थेंब किंवा दोन पाइपांचा सांधा असतो. अंगठ्याचं नख रेलवरून फिरवलं की डोळ्याला न दिसणारी ठोकर नखाला लागते. बारीक कानशीचे दोन हात सपाट फिरवले की काम झालं. कानस रेलवर आडवी टेकवून फक्त उठलेलं टोक काढायचं, खड्डा भरून काढायच्या नादात रेल घासायची नाही. खड्डा कुणाला अडवत नाही, उंचवटा अडवतो.

अंबडच्या त्या मशीनवर गाईड हवेत व्यवस्थित चाललं. पिन थोडी कोरडी होती, एवढंच. कुठल्या एका जागी अडकत होतं असंही नव्हतं. पण तडाख्यांचा हिशेब लक्षात यायला लागला होता. दोन इंची पट्ट्या कापताना, म्हणजे गाईड ब्लेडजवळ असताना, दांडी एका तडाख्यात सुटायची. बावीस इंचाच्या फळीला, गाईड उजव्या टोकाला गेलं, की तीन. मधल्या मापांना दोन. तळहाताने इतके दिवस जे मोजलं होतं ते कुणी ऐकलं नव्हतं. जसजसं उजवीकडे जावं तसतशी पकड वाढत होती, म्हणजे पुढची आणि मागची रेल एकमेकींपासून सारख्या अंतरावर नव्हत्या.

हे मोजायला फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, हवंच असं नाही. झेरॉक्सचा साधा कागद ०.१ मिमीच्या आसपास जाड असतो. त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या, दांडी वर ठेवायची आणि मागचा आकडा व मागची रेल यांच्या फटीत किती पट्ट्या जातात ते बघायचं. ब्लेडजवळ बारा गेल्या. उजव्या टोकाला दोन, दुसरी जराशी घासून. फरक एक मिलीमीटरचा. सुताराच्या भाषेत हा पाव सुताहून (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) थोडा जास्त, म्हणजे फळीच्या मापात कदाचित कुणी हरकतही घेणार नाही. पण कॅमची सगळी उचल दोन-तीन मिमीची असते. त्यातला एक मिमी रेलनेच खाल्ला तर उरलेली उचल गज ताणण्यात जाते, आणि ताणलेला गज कॅमला असा दाबून धरतो की दांडी उठेना.

रेल बाहेर का गेली, तेही मागून उघड झालं. मशीन साइटवर टेम्पोतून नेताना उचलायला हात सापडतो तो मागच्या रेलचा. तिच्या चार बोल्टांपैकी उजवीकडचे दोन ढिले होऊन भोकात सरकले होते. त्यापुढची साखळी मजेशीर आहे. रेल सरकल्यावर दोन टोकांची पकड वेगवेगळी झाली. ब्लेडजवळ गाईड ढिलं धरायला लागलं. अरुंद पट्टी कापताना गाईड सरकतंय हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्याने मागचा नट आवळला. ब्लेडजवळची पकड आली. उजव्या टोकाची आधीच घट्ट होती, ती आता घशाशी आली. मग तडाखे, मग फडकं. दुखणं मागच्या उजव्या कोपऱ्यात, आणि मार पुढच्या दांडीला.

कॅमबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण त्याच्याशी सगळे चुकीचं वागतात. कॅम म्हणजे गुंडाळलेली पाचर. दाराखाली पाचर मारली की ती का निसटत नाही? तिचा उतार इतका मंद असतो की घर्षण तिला जागच्या जागी धरून ठेवतं. कॅमचंही तेच. त्याला घर्षण हवं असतं, पण बेताचं. गंज, डिंक, भुशाचा थर यांनी घर्षण वाढलं की तो परत फिरत नाही. उलट तिथे तेल ओतलं की गज, पिन, कॅम सगळंच निसरडं होतं, आणि मोटरच्या थरथरीने दांडी आपणहून वर येऊ शकते. म्हणून वंगण पिनेला द्यायचं, गजाला द्यायचं. कॅमच्या घासणाऱ्या तोंडावर मेणाचा नुसता हात. आणि जिथे पकडायचं आहे, म्हणजे पुढच्या रेलला टेकणारे नायलॉनचे गुटके, मागचा आकडा आणि रेलचा तेवढा भाग, तो स्वच्छ आणि कोरडा. पकडीच्या जागेवर तेल सोडणारा माणूस सायकलच्या ब्रेकला तेल घालणाराच.

याहून घातक इलाज दुसराच, आणि तोच सर्वांत लोकप्रिय. अडकतंय ना, मग मागचा नट दोन आटे ढिला कर. त्या क्षणी सगळे खूश. दांडी एका बोटाने उचलते. संध्याकाळपर्यंत कुणीतरी जाड सागवानाची फळी गाईडला रेटून चालवतो, गाईडचं मागचं टोक एखादा मिलीमीटर ब्लेडकडे झुकतं, आणि लाकूड ब्लेडच्या मागच्या दातांत आणि गाईडमध्ये चेपलं जातं. पुढचे दात लाकूड खाली दाबतात. मागचे वर येणारे असतात, ते त्याला उचलून कापणाऱ्याच्या दिशेने भिरकावतात. १० इंची ब्लेड मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर दाताचं टोक सेकंदाला ५३ मीटरने जातं, म्हणजे ताशी १९० किलोमीटर. म्हणून अडकणाऱ्या गाईडबद्दल मनात थोडी माया आहे. ते त्रास देतं, पण सांगून देतं. ढिलं गाईड काही बोलत नाही. शिवाय लाकूड असं मागच्या दातांवर चेपू न देणारी ब्लेडमागची उभी पट्टी, रिव्हिंग नाइफ, आपल्याकडच्या कितीतरी मशीनवरून ‘मध्ये येते’ म्हणून काढून खुंटीला टांगलेली असते. त्यावर वेगळं लिहावं लागेल, आणि ते शांतपणे लिहिणं जमेलसं वाटत नाही.

दुरुस्तीला तासभर लागला. त्यातली पंचवीस मिनिटं दहा नंबरचा पाना शोधण्यात गेली.

आधी रेल. उजवीकडचे दोन बोल्ट अर्धा आटा ढिले करून, लाकडी ठोकळा मध्ये ठेवून हलक्या हाताने रेल आत ठोकली. दर ठोक्यानंतर कागदाच्या पट्ट्या. सात, नऊ, अकरा, बारा. चारही बोल्ट आवळल्यावर पुन्हा मोजायचं, कारण आवळताना रेल हमखास थोडी सरकते. इथे अकरावर आली होती, पुन्हा ठोकून बारावर आणली. मग मागचा नट. तो ६ मिमीचा असेल तर एका आट्याला १ मिमी सरकतो, पाव आट्याला पाव मिमी. पाव आट्याहून जास्त एका वेळी फिरवायचा नाही, आणि दर वेळी दांडी दाबून बघायची. दांडीच्या प्रवासाचे तीन भाग कल्पा: पहिले दोन मोकळे, तिसऱ्यात पकड जाणवायला लागावी, आणि शेवट तळहाताच्या साध्या दाबाने बसावा. अंगाचा भार टाकावा लागत असेल तर जास्त आहे. इथे एकच पाव आटा पुरला. नट नायलॉकचा, म्हणजे थरथरीने ढिला न होणारा, होता; आतली निळी कडी झिजून बोटाने फिरत होता, तो बदलला. गावातल्या हार्डवेअरवाल्याकडे सुटा नट मागितला की तो मूठभर काढून काउंटरवर ठेवतो. मूठभरच घ्यावेत, पुढच्या वेळी शोधाशोध नको.

यानंतरची एक गोष्ट बहुतेक जण गाळतात. पुढची पकड आधी बसली पाहिजे, मागची नंतर. पुढचे गुटके रेलला सपाट टेकले की गाईड काटकोनात येतं, मग मागच्या आकड्याने ते तसंच धरून ठेवायचं असतं. मागचा आधी पकडला तर गाईड वाकडंच आवळलं जातं, आणि वाकडं आवळलेलं गाईड सोडतानाही कुरकुरतं. पाहायला पुन्हा कागद: एक पट्टी पुढे, एक मागे, दांडी हळूहळू खाली, आणि दोन्ही पट्ट्या आळीपाळीने ओढायच्या. आधी पुढची अडली पाहिजे. शेवटी गाईड टेबलातल्या मायटरच्या खाचेला (ब्लेडशेजारची, ब्लेडला समांतर सरळ खाच) समांतर आहे का, ते पुढच्या आणि मागच्या टोकाला मोजायचं. मागचं टोक ब्लेडपासून कागदभर, फार तर ०.१ मिमी, लांब असलं तर चालतं. कागदभरसुद्धा जवळ चालत नाही.

सफाईबद्दल नाशिकच्या हवेचा विचार करूनच बोलावं लागतं. आपल्याकडे पाऊस इगतपुरीसारखा कोसळत नाही, पण जुलै-ऑगस्टमधली ओल पत्र्याच्या शेडमध्ये ठाण मांडून बसते. एमडीएफचा पिठासारखा भुसा ती ओल धरून ठेवतो, आणि शनिवारी न झाडलेल्या रेलवर सोमवारी नारिंगी साय आलेली असते. सातपूर-अंबडला यंत्रांच्या पेट्यांतून निघालेलं पाइनवुड आता बऱ्याच कारखान्यांत चिरलं जातं. त्याचा वास छान, पण डिंक भयंकर. भुशात मिसळून पिनेभोवती तो अक्षरशः लाखेसारखा बसतो. सागाचा भुसा तेलकट, तो चिकटत कमी, पण गोळे करतो. हिवाळ्यात निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर उतरतो तेव्हा सकाळी पहिल्या तासात तक्रारी येतात: ग्रीस थिजलेलं असतं, आणि दहा वाजता ऊन आलं की ‘आपोआप बरं झालं’. ग्रीस लावायचंच नव्हतं, हे मात्र कुणाच्या मनात येत नाही. ग्रीस आणि भुसा एकत्र आले की सहा महिन्यांत त्याची खळ होते.

सुका ब्रश, मग रॉकेलमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश, मग कोरडं फडकं, इतकंच करावं. थिनर डिंक झटकन काढतं, पण रंग आणि प्लॅस्टिकच्या टोप्याही काढतं. गंजावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, लांबीच्या दिशेने. पिन काढता येत असेल तर काढून तिलाही तोच पेपर फिरवून लखलखीत करावी. कॅमच्या तोंडाला मात्र कानस लावू नये. त्याचा उतार बिघडला की दांडी मधेच सुटते. नंतर साधी मेणबत्ती, नाहीतर सुताराच्या कानावरची पेन्सिल पिनेवर खसाखसा घासायची. शिशातलं ग्रॅफाइट कोरडं असतं, भुसा धरत नाही. डब्यातला गंजमोड फवारा अडकलेली पिन सोडवायला ठीक, पण त्याच्या भरवशावर वर्षभर राहू नये, आणि सिलिकॉनचा फवारा सुतारकामाच्या शेडमध्ये आणूच नये. टेबलावरून तो लाकडाला लागतो आणि पॉलिशच्या वेळी पृष्ठभागावर डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे, पडतात. पॉलिशवाला मग स्वतःच्या थिनरला शिव्या देत बसतो. स्प्रिंग दमली असेल तर ओढून लांब करू नये, आठवड्यात पुन्हा दमते. नवी मिळेपर्यंत मागे १ मिमीचा वॉशर घालावा.

सगळं झाल्यावर फडकं सोडलं. सुतळी कापावी लागली. आत दांडीचा मूळ लाल रंग तसाच होता, दुकानातल्यासारखा, आणि खालच्या कडेला, जिथे तळहात बसायचा तिथे, फडक्याच्या विणीची जाळी रंगात उमटली होती. कारखान्यातल्या पोराने ती नखाने खरवडून पाहिली.

मिस्त्रींनी गाईड उजव्या टोकाला नेऊन आवळलं. मग सोडायला सवयीने तळहात खालून हाणला. दांडी अडली नाही. हात दांडीसकट वर गेला आणि मनगट गाईडच्या कडेवर आपटलं. पोरगा हसला, मिस्त्री हसले नाहीत. पुन्हा आवळलं, या वेळी दोन बोटांनी उचललं. मग गाईडचं मागचं टोक अंगठ्याने आडवं रेटून पाहिलं, सरकतंय का ते. नाही सरकलं. पाच-सहा मापं बदलून झाली तोवर ते काही बोलले नाहीत. नंतर कोपऱ्यात टाकलेलं फडकं उचललं, झटकलं, दांडीवर दोनच वेढे घेतले आणि पोराला सुतळी आणायला सांगितलं.

“आता कशाला, मामा?”

“नुसती दांडी बारीक लागते रे हाताला.”